पाटीवरून उतरलेल्या तिघी

तार आली, की पूर्वी आपल्याकडे ती वाचायच्या आधीच घरात रडारड सुरू व्हायची. पोस्टमन फाटकाशी सायकल टेकवतोय आणि त्याच्या हातात तो कागद आहे, एवढं दिसलं तरी बाईच्या पायातलं बळ जायचं. कधी त्यात नुसतं ‘मुलगा झाला’ एवढंच असायचं; पण तोवर हाताला पीठ तसंच आणि डोळ्यांना पदर. जुलै २०१३ मध्ये आपली तारसेवा बंद झाली, तेव्हा कितीतरी जुन्या बायका मनातल्या मनात ‘बरं झालं बाई’ म्हणाल्या असतील.

अमेरिकेत जॉर्जिया नावाचं राज्य आहे आणि त्यात कोलंबस नावाचं गाव. गावाला लागून मोठा लष्करी तळ, फोर्ट बेनिंग. १९६५ च्या नोव्हेंबरात या गावात अशाच तारा यायला लागल्या. इथल्याच तळावरून व्हिएतनामला गेलेली पलटण इया द्रांगच्या खोऱ्यात अडकली होती. चार दिवसांत दोनशेहून जास्त अमेरिकन जवान मारले गेले. एकदम एवढे जवान जातील अशी लष्कराची तयारीच नव्हती. मग काय केलं? तारा टॅक्सीवाल्यांच्या हातात दिल्या! टॅक्सी दारात थांबायची, ड्रायव्हर घंटी वाजवायचा, कागद द्यायचा आणि निघून जायचा. आत विशी-बाविशीची मुलगी, कडेवर मूल, आणि हातात नवरा गेल्याचा कागद. शेजारी कुणी नाही, खांद्यावर हात ठेवणारं कुणी नाही.

या पलटणीच्या प्रमुखाची, लेफ्टनंट कर्नल हॅल मूर यांची बायको ज्युलिया तेव्हा त्याच गावात राहत होती. पाच मुलांची आई. बाप फौजेत, नवरा फौजेत, पुढे मुलगेही फौजेत. एकदा तिच्याही दारात टॅक्सी थांबली. घंटी वाजली. ती पडद्याआड उभी राहिली, हा निघून जावा म्हणून देवाचा धावा करत. शेवटी दार उघडलं, तर ड्रायव्हरला फक्त एक पत्ता विचारायचा होता. तो पत्ता म्हणजे दुसऱ्या कुणाचं तरी घर होतं, हे तिला कळत होतंच.

त्यानंतर ज्युलिया त्या तारांच्या मागोमाग घराघरांत जायला लागली. कुणी सांगितलं नव्हतं. प्रत्येक अंत्यविधीला उभी राहिली. आणि तेवढ्यावर न थांबता तिने वरपर्यंत तक्रार नेली, की ही काय रीत झाली? तिच्यासारख्या बायकांच्या तक्रारींमुळे लष्कराला पद्धत बदलावी लागली. तेव्हापासून जवान गेला तर गणवेशातला अधिकारी आणि सोबत धर्मगुरू स्वतः घरी जाऊन सांगतात. सातारा-कोल्हापूरकडच्या ज्या घरांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या फौजेची नोकरी आहे, त्या घरांतल्या बायकांना या गोष्टीचं मोल मी वेगळं सांगायला नको.

ही गोष्ट आज सांगायचं कारण वेगळं आहे. ११ मे २०२३ ला फोर्ट बेनिंगचं नाव बदलून फोर्ट मूर झालं. नुसतं जनरल मूर यांच्यासाठी नाही, तर हॅल आणि ज्युलिया अशा दोघांसाठी. लढणाऱ्याबरोबर वाट बघणारीचंही नाव तळाला लागलं! आणि मार्च २०२५ मध्ये आदेश निघाला, की पाटी उतरवा, पुन्हा बेनिंग लिहा. दोन वर्षंही झाली नव्हती.

हा बेनिंग कोण? तर हेन्री बेनिंग, याच कोलंबस गावचा वकील आणि न्यायाधीश. १८६०-६१ मध्ये अमेरिकेतली दक्षिणेकडची अकरा राज्यं देशातून फुटून निघाली आणि चार वर्षं भाऊबंदकीचं युद्ध झालं. सहा लाखांहून जास्त माणसं मेली. भांडण होतं गुलामीचं. दक्षिणेत तेव्हा चाळीसएक लाख काळी माणसं गुलाम होती, विकली-घेतली जात होती. बाजारात आईपासून पोर वेगळं करून विकायचे, यावर आणखी काय लिहायचं? हा बेनिंग फेब्रुवारी १८६१ मध्ये व्हर्जिनियाच्या सभेत गेला आणि तुम्हीही फुटा म्हणून आग्रह केला. उत्तरेच्या हाती कारभार गेला तर गुलामी बुडेल, म्हणून आम्ही वेगळे झालो, हे त्याने तिथे आडपडदा न ठेवता सांगितलं. मग तो दक्षिणेच्या सैन्यात जनरल झाला. म्हणजे अमेरिकेच्या सैन्यावर गोळ्या झाडणाऱ्या माणसाचं नाव अमेरिकेच्याच सैन्याच्या तळाला! आणि तोही हरलेल्या बाजूचा.

‘लांबच्या देशातलं जुनं भांडण, आपल्याला काय त्याचं?’ असं कुणी म्हणेल. पण वऱ्हाड-खानदेशातल्या मैत्रिणींनो, त्या युद्धाची झळ तुमच्या पणज्यांच्या शेतापर्यंत आली होती. दक्षिणेचा कापूस अडकला म्हणून विलायतेतल्या गिरण्या आपल्याकडच्या कापसावर तुटून पडल्या. भाव आभाळाला भिडले, मुंबईत पैशाचा पूर आला. १८६५ मध्ये तिकडे युद्ध संपलं आणि इकडे भाव धाडकन कोसळले, सावकार आणि पेढ्या बुडाल्या. आणि दुसरा धागा जोतीरावांचा. १८७३ मध्ये त्यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक काढलं, ते अर्पण केलं अमेरिकेत गुलामांच्या सुटकेसाठी झटलेल्या भल्या माणसांना. युद्ध संपून आठच वर्षं झाली होती. पुण्यात बसून त्यांना जे कळलं, ते तिकडच्या पुष्कळांना पुढची शंभर वर्षं कळलं नाही, असंच म्हणावं लागतं.

कारण झालं असं, की पहिल्या आणि दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी सैन्याला शिकवायला मोठमोठ्या जमिनी हव्या होत्या. दक्षिणेत जमीन स्वस्त, हवा उबदार. तिथल्या गोऱ्या पुढाऱ्यांना खूश ठेवायचं म्हणून नावं त्यांच्या आवडीची ठेवली. बेनिंग, ब्रॅग, ली, हूड, हिल, पिकेट, गॉर्डन, पोक, रकर असे नऊ तळ. काळ्यांना विचारायचा प्रश्नच नव्हता. त्यांना त्या वेळी दक्षिणेत मतसुद्धा धड टाकू देत नव्हते. यातला ब्रॅग तर आपल्याच अधिकाऱ्यांशी भांडत बसणारा आणि महत्त्वाच्या लढाया हरणारा म्हणून प्रसिद्ध. रकर जनरल नव्हताच. कर्नल होता, लोक नुसते मानाने जनरल म्हणायचे. आणि ज्याच्या नावाचा सगळ्यात मोठा दबदबा, त्या रॉबर्ट ली याने स्वतः युद्धानंतर लिहून ठेवलं होतं, की स्मारकं उभारून जुन्या जखमा उघड्या ठेवू नयेत. ऐकतो कोण!

इथे एक गोष्ट आपण बायकांनीही कबूल करायला हवी. हरलेल्यांचा हा मोठेपणा वाढवण्यात बायकांचा हात फार मोठा होता. १८९४ मध्ये दक्षिणेतल्या गोऱ्या, खात्यापित्या घरातल्या बायकांनी एक संघटना काढली, ‘युनायटेड डॉटर्स ऑफ द कॉन्फेडरसी’. वर्गण्या गोळा करून गावोगावी पुतळे उभारले, शाळेच्या पुस्तकांत काय यावं आणि काय नाही यावर पहारा ठेवला. आमचे बाप-आजे हक्कासाठी लढले, गुलामांना तर आम्ही घरच्यासारखं वागवत होतो, अशी गोड गोष्ट दोन-तीन पिढ्यांना शिकवली. वॉशिंग्टनजवळच्या आर्लिंग्टनच्या लष्करी दफनभूमीत त्यांनी १९१४ मध्ये उभारलेलं स्मारक होतं. त्यात एक काळी दाई आहे, लढाईला निघालेल्या गोऱ्या मालकाचं बाळ तिने धरलंय. तिचं स्वतःचं बाळ कुठे होतं, हा प्रश्न त्या वर्गणी देणाऱ्या बायकांच्या मनाला शिवला नसेल का? ते स्मारक डिसेंबर २०२३ मध्ये हलवलं. ऑगस्ट २०२५ मध्ये ते परत आणायची घोषणाही झाली.

नावं बदलायची मागणी जुनीच होती. मे २०२० मध्ये मिनियापोलिस शहरात जॉर्ज फ्लॉइड या काळ्या माणसाच्या मानेवर पोलिसाने गुडघा दाबून जीव घेतला आणि देश पेटला, तेव्हा तिने जोर धरला. त्या वेळचे राष्ट्राध्यक्ष ट्रम्प विरोधात होते. नावं बदलायची तरतूद असलेलं संरक्षण विधेयकच त्यांनी डिसेंबरात परत पाठवलं. पण दोन्ही सभागृहांनी, त्यांच्या पक्षाच्या पुष्कळ खासदारांसह, ते पुन्हा मंजूर केलं. १ जानेवारी २०२१ ला कायदा झाला. मग आठ जणांचा आयोग नेमला. अध्यक्ष कोण? निवृत्त ॲडमिरल मिशेल हॉवर्ड, अमेरिकेच्या नौदलात चार तारे मिळवणारी पहिली बाई, आणि तीही काळी. उपाध्यक्ष टाय सिड्युल, व्हर्जिनियात लहानाचे मोठे झालेले, एके काळी लीला देव मानणारे आणि इतिहास शिकवता शिकवता मत बदललेले ब्रिगेडियर. लोकांकडून ३४ हजारांहून जास्त सूचना आल्या. त्यातून नऊ नवी नावं निघाली, आणि त्यात ज्युलियाखेरीज आणखी दोघी होत्या.

त्यातली एक चॅरिटी ॲडम्स. हिच्याबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण मला स्वतःला ती फार आवडते.

१९४५ चा फेब्रुवारी. युरोपात युद्ध चालू आहे आणि इंग्लंडच्या बर्मिंगहॅम शहरात गोदामांमध्ये छतापर्यंत पत्रांचे ढीग पडलेत. अमेरिकेतून आयांनी, बायकांनी, मुलांनी आघाडीवर लिहिलेली लाखो पत्रं आणि पार्सलं. महिनोन्‌महिने कुणाला पोचलेली नाहीत. खिडक्या काळ्या रंगवलेल्या, आत थंडी, आणि पार्सलांमधल्या केकवर उंदरांची चंगळ. हे निस्तरायला अमेरिकेने पाठवलं कुणाला? ८५५ बायकांच्या पलटणीला, तिचा क्रमांक ६८८८. त्या वेळी परदेशात पाठवलेली ही बहुतेक सगळी काळ्या बायकांची एकमेव पलटण. प्रमुख मेजर चॅरिटी ॲडम्स, वय वर्षं २६.

पत्रांवरचे पत्ते तरी कसे? कुणी नुसतं ‘ज्युनिअर, यूएस आर्मी’ लिहिलेलं. एकट्या रॉबर्ट स्मिथ नावाचे सात हजारांहून जास्त जवान! आपल्याकडे एखाद्या पलटणीत ‘शिंदे, सातारा’ एवढाच पत्ता लिहून पत्र टाकावं, तसंच. या बायकांनी सत्तर लाख कार्डं तयार केली, प्रत्येक जवानाचा क्रमांक लिहिला, आणि तीन पाळ्यांमध्ये रात्रंदिवस काम केलं. एका पाळीत ६५ हजार पत्रं. जो जवान मेला असेल त्याचं पत्र तशी खूण करून परत पाठवायचं, तेही यांनीच. सहा महिन्यांचं म्हणून दिलेलं काम तीन महिन्यांत संपलं.

एक जनरल पाहणीला आला. सगळ्या जणी परेडला का नाहीत म्हणून चिडला. अहो, तिसरी पाळी झोपलेली होती आणि दुसरी कामावर! पलटण कशी चालवायची ते तुला दाखवायला एक गोरा लेफ्टनंट पाठवतो, असं त्याने सगळ्यांसमोर सुनावलं. मेजर बाईंनी उत्तर दिलं, की माझ्या प्रेतावरून, साहेब. तो कोर्ट मार्शलची भाषा करू लागला, तर इने उलट त्याच्याविरुद्धच तक्रार तयार करायला घेतली. शेवटी त्यानेच माघार घेतली. रेडक्रॉसने लंडनमध्ये या काळ्या बायकांसाठी वेगळं हॉटेल काढलं, तेव्हा तिने आपल्या मुलींना सांगितलं, तिथे पाऊल टाकायचं नाही. एकही गेली नाही म्हणतात. इतकं करून १९४६ मध्ये पलटण मोडली, ती ना सत्कार, ना मिरवणूक. संसदेचं सुवर्णपदक जाहीर झालं ते २०२२ मध्ये; चॅरिटीला जाऊन तेव्हा वीस वर्षं झाली होती.

२७ एप्रिल २०२३ ला व्हर्जिनियातल्या फोर्ट लीचं नाव फोर्ट ग्रेग-ॲडम्स झालं. ग्रेग म्हणजे लेफ्टनंट जनरल आर्थर ग्रेग. तरुणपणी याच तळावर अधिकारी असताना ऑफिसर्स क्लबात त्यांना कातडीच्या रंगावरून आत घेत नव्हते. नाव दिलं त्या दिवशी ९४ वर्षांचे ग्रेग स्वतः समारंभाला होते. ऑगस्ट २०२४ मध्ये ते गेले. पाटी उतरलेली बघायला राहिले नाहीत, एवढंच.

आणि तिसरी डॉक्टर मेरी वॉकर. जन्म १८३२ चा. १८५५ मध्ये डॉक्टर झाली, त्याच वर्षी लग्न केलं, तेही विजार घालून! नवऱ्याच्या आज्ञेत राहीन, हे वाक्य लग्नाच्या शपथेतून गाळायला लावलं आणि आडनाव माहेरचंच ठेवलं. आपल्याकडे आजही कितीतरी घरांत तांदळात अंगठीने नवं नाव लिहिताना मुलीला विचारत नाहीत, तर दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी हिचं काय कौतुक झालं असेल, कल्पना करा. युद्धात तिने उत्तरेच्या सैन्यात जखमींवर शस्त्रक्रिया केल्या. दक्षिणेने हेर म्हणून पकडून चार महिने रिचमंडच्या तुरुंगात ठेवलं. १८६५ मध्ये तिला शौर्याचं सर्वोच्च पदक, मेडल ऑफ ऑनर, मिळालं. ते मिळालेली आजवरची ती एकमेव बाई. पुरुषी कपडे घालते म्हणून पोलिसांनी तिला कितीदा तरी पकडलं, ते वेगळंच. १९१७ मध्ये सरकारने नियम बदलले आणि ९११ जणांची पदकं रद्द केली, त्यात हिचंही. परत करा म्हणाले. म्हातारी बधली नाही. १९१९ मध्ये मरेपर्यंत पदक छातीवर लावून हिंडली. १९७७ मध्ये ते तिला कागदोपत्री परत मिळालं. ऑगस्ट २०२३ मध्ये व्हर्जिनियातल्या फोर्ट ए. पी. हिलचं नाव फोर्ट वॉकर झालं, तेव्हा वाटलं, आता तरी हिचा वनवास संपला. कसलं काय! द्यायचं आणि काढून घ्यायचं, हे बाईच्या वाट्याला दुसऱ्यांदा आलं.

कारण २०२५ मध्ये ट्रम्प पुन्हा आले होते. फेब्रुवारीत ब्रॅग परत आलं, मार्चमध्ये बेनिंग, आणि १० जूनला फोर्ट ब्रॅगवरच्या भाषणात उरलेल्या सात तळांची जुनी नावं परत आणायची घोषणा झाली. पण कायदा तर अजून होता, फुटीर जनरलांचं नाव देता येत नाही! मग युक्ती काढली. त्याच आडनावाचे दुसरे सैनिक शोधले. ब्रॅग आता तो जनरल नाही. दुसऱ्या महायुद्धात शत्रूची रुग्णवाहिका पळवून जखमी सोबत्याला वाचवणारा रोलंड ब्रॅग. बेनिंग म्हणजे पहिल्या महायुद्धातला फ्रेड बेनिंग. ए. पी. हिलसाठी एक माणूस सापडेना, तर अँडरसन, पिन आणि हिल अशा तिघांची आडनावं जोडून अक्षरं जुळवली. आणि ली म्हणजे फिट्झ ली, क्यूबाच्या लढाईत जीव धोक्यात घालून जखमींना आणणारा आणि मेडल ऑफ ऑनर मिळवणारा काळा शिपाई. तोही व्हर्जिनियाचाच, पुढच्याच वर्षी ऐन तारुण्यात गेला. माणूस खरंच मोठा. पण त्याला मान द्यायची आठवण आली, ती त्याचं आडनाव सोयीचं होतं म्हणून! नाव तेच, माणूस दुसरा, आणि लोकांच्या मनात जो यायचा तो येतोच.

जुन्या नावाच्या बाजूने बोलणारे सगळेच गुलामीचे भक्त आहेत असं मी मुळीच म्हणणार नाही. लाखो जवान या तळांवर शिकले, तिथून दोन महायुद्धांत गेले, कुणाचं लग्न तिथे झालं, कुणाची मुलं तिथे जन्मली. ब्रॅग म्हटलं की त्यांना तो भांडखोर जनरल आठवतच नाही, आपली पलटण आठवते. हे खोटं नाही. आपण तरी अजून ‘व्हीटीला उतर’ म्हणतोच की! त्यात पुन्हा खर्चाचाही मुद्दा आहे. आयोगाचा सगळा हिशेब सुमारे सव्वासहा कोटी डॉलरचा होता आणि तो होऊन गेल्यावर पाट्या परत बदलायच्या म्हणजे दुप्पट उद्योग. पण सवयीचं नाव आणि मानाचं नाव यांत फरक आहे. ज्या काळ्या शिपायाची पणजी बाजारात विकली गेली, त्याने रोज सकाळी कुणाच्या नावाच्या कमानीखालून कवायतीला जायचं, हा प्रश्न सवयीने सुटत नाही.

मला जास्त टोचलं ते दुसरंच. २०२३ च्या नऊ नावांत तीन बायका होत्या. २०२५ च्या नव्या यादीत शोधून शोधून नऊ तळांसाठी अकरा सैनिक आणले, पहिल्या महायुद्धातले, दुसऱ्यातले, क्यूबातले, सोमालियातले. अकराही पुरुष. आडनावं जुळवायच्या नादात बायका गळाल्या आणि कुणी मुद्दाम गाळल्या असंही म्हणायला जागा नाही. आपल्याकडेही असंच होतं ना, वाटणीच्या वेळी कुणी वाईट नसतं, फक्त बहिणीचं नाव कागदावर यायचं राहून जातं.

ज्युलिया एप्रिल २००४ मध्ये गेली. त्याच तळावरच्या दफनभूमीत तिला ठेवलं, इया द्रांगहून पेटीतून आलेल्या तिच्या नवऱ्याच्या जवानांजवळ, ज्यांच्या अंत्यविधींना १९६५ मध्ये ती उभी राहिली होती. २०१७ मध्ये हॅल मूर तिच्या शेजारी आले. दगडावर त्या दोघांची नावं आहेत. बाहेरच्या कमानीवर बेनिंग.